पेपर फुटला

दोनशे तीस रुपये. तेवीस चहा. हा हिशेब मला काल दुपारपासून टोचतोय, कारण त्या तेवीसमधला मी प्यायलेला एक, आणि तोही गार.

धंदा माझा झाडं छाटायचा. पावसाळ्याआधी सोसायट्यांमधल्या वाळक्या, लोंबत्या फांद्या उतरवायच्या. एप्रिल-मे म्हणजे आमची दिवाळी, आणि ऐन दिवाळीत दोन माणसं कमी. ऑफिस म्हणाल तर स्कूटरची डिकी. म्हणून पेठ रोडला नानाच्या टपरीशी, गुलमोहराखालच्या बाकड्यावर मुलाखती ठेवल्या. सकाळी मजूर तिथे उभेच असतात.

नाशकात छाटणी न येणारा माणूस मिळणं कठीण. "छाटणी येते का?" विचारलं की दहातले नऊ म्हणतात, "पंधरा वर्षं झाली." खोटं नसतं ते. एप्रिलची खरड, ऑक्टोबरची गोडी, सगळं हातात बसलेलं. पण ते द्राक्षाच्या मांडवाखाली! दोन्ही पाय जमिनीवर, कात्री डोक्याच्या उंचीला. चाळीस फुटांवर रेन ट्रीच्या बेचक्यात पट्टा अडकवून करवत चालवायची हा प्रकार वेगळा. हे सांगितलं की समोरचा माझी समजूत काढतो, "छाटणी ती छाटणीच ना शेठ."

म्हणून माझा एक ठरलेला प्रश्न आहे. मांडीएवढी फांदी आहे, पहिला काप कुठून? उत्तर : खालून, खोडापासून फूटभर लांब. मग थोडं पुढे सरकून वरून. फांदी सुटून पडते, आणि उरलेलं ठोंब शेवटी काढायचं, खोडाजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता, कारण जखम तिथूनच भरते. वरूनच कापत सुटलं तर फांदी अर्ध्यात मोडते आणि जाताना खोडाची साल केळ्यासारखी सोलून नेते.

पहिला म्हणाला, "वरून." दुसरा म्हणाला, "वरून. उलटं कोण कापेल?" दोघांनाही मी हातवारे करून, मोठ्या आवाजात समजावलं. नाना पातेल्यात पळी हलवत होता.

तिसरा म्हणाला, "खालून." मला बरं वाटलं. चौथा म्हणाला, "खालून, फूटभर लांब." पाचव्याने तिन्ही काप फुगवट्यासकट म्हणून दाखवले, पाढ्यासारखे. सहाव्याला मी विचारलं, "नाव काय तुझं?"

"खालून," तो म्हणाला.

मी मान वळवून टपरीकडे पाहिलं. नाना सातव्याला ग्लास देत त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता.

"नाना, पेपर फोडताय?"

"मी कशाला फोडू? पोरं विचारतात, शेठ काय विचारतो. मी म्हटलं, बसा, चहा घ्या, सांगतो."

"आणि चहाचे पैसे?"

"तुमच्या नावावर. मुलाखतीला कोणी बोलावलं? तुम्हीच ना?"

म्हणजे माझाच पेपर, माझ्याच खर्चाने. मी प्रश्न बदलला. फांदीला तारा घासत असतील तर? उमेदवाराने तोंड उघडायच्या आत स्टोव्हमागून आवाज आला, "महावितरणला सांगून आधी लाईन बंद!" उमेदवार म्हणाला, "हेच म्हणणार होतो."

मग नानानेच सूत्रं हाती घेतली. रोज किती देणार? पडला तर दवाखाना कोण बघणार? विमा काढलाय का? प्रश्न रास्त होते हे मला आत्ता कळतंय, तेव्हा नुसता राग येत होता. विमा काढलाय मी, हप्ता भरताना दर वेळी पोटात कळ येते. आणि शेवटी सगळ्यांदेखत, "तुम्ही स्वतः चढता का?"

माझं वजन चौऱ्याण्णव, उजवा गुडघा पावसाचा अंदाज सांगतो. "पूर्वी चढायचो," मी म्हणालो.

"पूर्वी," नाना सगळ्यांकडे बघत म्हणाला. आपण गेलेल्या माणसाबद्दल बोलतो ना, त्या आवाजात.

खरं तर नानावर चिडण्यात अर्थ नाही. मागच्या आठवड्यात एका सोसायटीचे चेअरमन पट्टा-हेल्मेटचे पैसे कमी करा म्हणून अडून बसले. आमच्याकडे पूर्वी एक म्हातारा यायचा, म्हणाले, साधा दोर कमरेला बांधून सरसर चढायचा, दोनशे रुपयांत. मी विचारलं, तो आता कुठे असतो? ते बायकोकडे बघायला लागले, बायको वॉचमनकडे. कुणालाच माहीत नव्हतं.

असो. शेवटचा पोरगा पेठ तालुक्यातला. चहा पीत नाही म्हणाला, त्यामुळे पेपर त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. पहिला काप कुठून विचारलं तर म्हणाला, "कुठलं झाड?" मी वैतागून वर बोट दाखवलं, "हेच धर."

तो उठला. मान मागे टाकून शेंड्याकडे बघत झाडाभोवती एक फेरी मारली. बुंध्याला एके ठिकाणी काळसर ओल होती, तिथे बोटांच्या गाठींनी ठकठक केलं, मग वीतभर बाजूला केलं. पहिल्या जागी डब्यासारखा आवाज आला.

"ह्याच्यावर मी चढत नाही. आतून पोकळ आहे."

तीन तास मी त्या झाडाखाली बसून लोकांची परीक्षा घेत होतो, आणि माझं तिकडे लक्ष नव्हतं. गुलमोहर आधीच ठिसूळ, त्यात पोकळ. पोराला मी तिथल्या तिथे घेतला. भाताची आवणी, म्हणजे लावणी, लागली की गावी जाणार, हे त्याने आधीच सांगून टाकलं, म्हणजे ऐन झाडं पडायच्या दिवसांत मी पुन्हा याच बाकड्यावर.

नाना पळी हातात धरून टपरीच्या पत्र्याकडे आणि पत्र्यावरच्या फांदीकडे आळीपाळीने बघत होता.

"मग आता?"

मी सांगितलं, 1975 चा झाडांचा कायदा आहे, मनपाच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, परवानगी आली की काम. आणि आकडा सांगितला.

"एवढे? झाड पाडायचे?" मग घसा साफ करून म्हणाला, "बरं, त्यातून चहाचे दोनशे तीस वळते करा."