‘चिठ्ठी टाकून उपचार?’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. पक्षाघाताच्या उपचारांच्या चाचण्यांवरील माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की मेंदूतली गुठळी ओढून काढता येते हे माहीत असताना चाचणीत काही रुग्णांना ती सोय नाकारायची, आणि तेही चिठ्ठी टाकून, हे अमानुष आहे. राग समजतो. मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरत असताना ‘तुलना’ हा शब्द टोचणारच.

पण दुसऱ्या गटाला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. ‘आयएमएस-३’ चाचणीत दोन्ही गटांना शिरेतून गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेझ मिळालं होतं. त्यावर आणखी मांडीतून कॅथेटर (बारीक नळी) मेंदूतल्या गुठळीपर्यंत घालून फायदा होतो का, एवढंच तपासायचं होतं. ९० दिवसांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण कॅथेटरच्या गटात ४०.८ टक्के, नुसत्या औषधाच्या गटात ३८.७ टक्के. ६५६ रुग्णांनंतर, २०१२ मध्ये चाचणी थांबवली. दुसरा गट नसता, तर हे ४०.८ टक्के आपण कॅथेटरच्या खात्यावर जमा केले असते.

फायदा का दिसला नाही? मोठी रक्तवाहिनी खरोखर बंद आहे का, हे सीटी अँजिओग्राफीने (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनने) आधी पाहण्याची सक्ती नव्हती. साधनंही बहुतांशी जुनी होती. मेंदूच्या मधल्या मुख्य धमनीतही नीट रक्तप्रवाह परतला तो ४४ टक्के रुग्णांतच.

आजची पद्धत वेगळी आहे. बारीक तार गुठळीच्या पलीकडे नेतात, तिच्यावरून मायक्रोकॅथेटर सरकवतात आणि आतली मिटलेली जाळी गुठळीतच उमलू देतात. लगेच ओढत नाहीत. तीन ते पाच मिनिटं थांबलं की गुठळी जाळीच्या घरांत रुतते. मग मानेतल्या धमनीत फुगा फुगवून प्रवाह अडवायचा आणि सिरिंजने रक्त शोषत जाळी सावकाश मागे घ्यायची. प्रवाह नीट अडला नाही, तर तुटलेला तुकडा पुढे वाहत जातो आणि तोवर शाबूत असलेला भागही उपाशी पडतो. जाळी जितक्या वेळा घालावी लागते, तितकी धमनीच्या अस्तराला इजा होण्याची भीती वाढते.

‘मिस्टर क्लीन’ या नंतरच्या चाचणीने गुठळी स्कॅनवर दिसलेलेच ५०० रुग्ण घेतले, कॅथेटरच्या गटातल्या बहुतेकांत ही जाळी वापरली. स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण कॅथेटरच्या गटात ३२.६, दुसऱ्या गटात १९.१ टक्के. उपचार तोच म्हणायचा, पण रुग्ण आणि साधन नेमकं निवडल्यावर चित्र पालटलं.

मग लहान धमन्यांतूनही गुठळी काढावी, असं वाटणं साहजिक होतं. त्या अरुंद, नाजूक, वळणावळणाच्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एस्केप-मेव्हो’ चाचणीत उत्तम सुधारणा गुठळी काढलेल्या गटात ४१.६, दुसऱ्या गटात ४३.१ टक्के, आणि मृत्यू मात्र १३.३ विरुद्ध ८.४ टक्के. चिठ्ठी टाकली नसती, तर हे जास्तीचे मृत्यू ‘आजारच गंभीर होता’ या सदरात गेले असते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

तुमचा एक मुद्दा पूर्ण मान्य. आज मोठी धमनी बंद असलेल्या, निकषांत बसणाऱ्या आणि वेळेत पोचलेल्या रुग्णाला चाचणीच्या नावाखाली थ्रोम्बेक्टमी (गुठळी ओढून काढणं) नाकारणं गैरच आहे. मूळ लेखात ते स्पष्ट लिहायला हवं होतं, आता घालतो.

ज्या चाचण्यांवरून तुम्ही चिडलात, त्या पुढच्या पायरीच्या आहेत: गुठळी निघाल्यावर बारीक केशवाहिन्यांत उरलेल्या कणांसाठी थेट धमनीत औषध सोडायचं का? ‘चॉइस’ चाचणीत किलोमागे ०.२२५ मिलिग्रॅम अल्टेप्लेझने उत्तम सुधारणेत ५९ विरुद्ध ४०.४ टक्के असा फरक दिसला, पण रुग्ण १२१च. टेनेक्टेप्लेझ हे तशाच प्रकारचं औषध वापरलेल्या ‘पोस्ट-टीएनके’त तसा ठाम फरक निघाला नाही. या दोन्हींत गुठळी प्रत्येकाचीच काढली होती. चिठ्ठी होती ती फक्त नंतरच्या औषधासाठी.