अतिस्वस्त गाडी घेताना डोळे कसे मिटावेत

जिची किंमत ऐकून विक्रेत्याच्या हिशेबातच काही चूक झाली असावी असे वाटते, आणि काट्यावर अडीच लाखांहून अधिक किलोमीटर दिसत असूनही जिच्याबद्दल 'फक्त पेट्रोल टाका आणि चालवा' असे आश्वासन मिळते, अशी एखादी गाडी आपल्या मनात भरली असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. नुकतेच माझ्या एका परिचितांचेही भाग्य असेच उजळले. त्यांनी मला 'जरा नजर टाका' म्हणून बोलावले, मी गाडी वरून-खालून पाहिली, घेऊ नका असे स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि त्यानंतर विसार आदल्याच दिवशी देऊन झाल्याची माहिती त्यांनी अत्यंत शांतपणे पुरवली. आता ती गाडी रस्त्यात बंद पडली की फोन मला येतो आणि 'तुम्हीसुद्धा पाहिली होतीत ना' हे ऐकावे लागते. तेव्हा 'घेऊ नका' हा निष्फळ सल्ला यापुढे मी कोणालाही देणार नाही. ज्यांचे ठरलेलेच आहे, त्यांना आपला निर्णय सुखासमाधानाने पार पाडता यावा, एवढीच माफक सेवा करण्याचा विचार आहे.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी विक्रेत्याला आपली येण्याची वेळ नेमकी कळवावी, म्हणजे आपण पोहोचेपर्यंत त्याला इंजिन व्यवस्थित तापवून ठेवता येते. थंड इंजिन फार बोलके असते. ते सुरू व्हायला किती कुरकुर करते हे लगेच समजते, टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी) सैल झाली असेल तर पहिल्या काही सेकंदांत खडखड ऐकू येते, आणि व्हॉल्व्हचे सील झिजले असतील तर रात्रभर झिरपलेले ऑइल जळून सायलेन्सरमधून निळसर धूर बाहेर पडतो. गरम इंजिन यांतले बरेचसे पोटात ठेवते. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून ते गरम आहे का हे पाहण्याचा अविश्वासूपणा सभ्य माणसाने करू नये. धूर दिसलाच तर त्याचा रंग पाहू नये. निळा म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन गरजेपेक्षा जास्त जाते आहे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, सिलिंडरमध्ये शिरते आहे. असल्या ज्ञानाने चांगल्या सौद्याच्या आनंदावर विरजण पडते.

गाडी शक्यतो अंधारात पाहावी. त्यातून पाऊस पडत असेल तर योग उत्तमच.

काट्यावरच्या आकड्याशी आपले नाते श्रद्धेचे असावे. आकडा कमी असेल तर तो खरा मानावा. डिजिटल काट्यातला आकडा बाहेरून उपकरण जोडून बदलता येतो, ही गोष्ट आपल्या कानांवर कधी आलेलीच नाही. ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंग हात घासून चकाकते आहे, चालकाच्या सीटची कड दबून फाटली आहे आणि काटा मात्र ६० हजार दाखवतो, यावरून पूर्वीच्या मालकाचे पाय जड होते एवढाच निष्कर्ष काढावा. आकडा जास्त असेल तर तो 'हायवेचा' मानावा. हायवेवर एकसारख्या वेगाने कापलेले किलोमीटर क्लचला आणि ब्रेकला शहरातल्या किलोमीटरपेक्षा कमी झिजवतात, हे खरेच आहे. आश्चर्य इतकेच की विक्रीला आलेली प्रत्येक गाडी आयुष्यभर हायवेवरच धावलेली असते, आणि शहरांत रोज तासन् तास खोळंबणाऱ्या असंख्य गाड्या पुढे कोठे जातात, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. विक्रेता बहुश्रुत असेल तर तो अर्व्ह गॉर्डन या अमेरिकन शिक्षकाचा दाखला देईल. गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेल्या व्होल्व्हो पी१८०० या गाडीने २०१३ साली ३० लाख मैलांचा, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला. त्यापुढे आपले अडीच लाख म्हणजे बालवयच. ही गाडी त्यांनी नवी कोरी घेतली होती, तिची देखभाल ते काटेकोरपणे वेळच्या वेळी करत होते, आणि ती त्यांनी कधी कोणाच्या गळ्यात मारली नाही, हे तपशील विक्रेता सांगणार नाही आणि आपणही काढू नयेत.

याच कारणासाठी सर्व्हिसच्या नोंदीही मागू नयेत. मागितल्या तरी 'सगळे काम घरच्या मेकॅनिककडेच व्हायचे, त्यामुळे बिले नाहीत' हे उत्तर तयार असते, आणि आपण ते ऐकून समजूतदारपणे मान डोलवायची असते. वास्तविक इतक्या चाललेल्या गाडीत काट्यावरच्या आकड्यापेक्षा बिलांचे ते मळके बाड जास्त सांगते. ज्या इंजिनात टायमिंग चेनऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असतो, त्यात तो ठरावीक अंतराने किंवा ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. हे अंतर गाडीगणिक वेगळे असते, पण अनेक गाड्यांत ते १ लाख किलोमीटरच्या आसपास असते. तो बेल्ट झाकणाआड असतो, तुटण्यापूर्वी पुष्कळदा कसलीही सूचना देत नाही, आणि बऱ्याच इंजिनांच्या बाबतीत तो तुटला की वर येणारे पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि क्षणात इंजिनाचे भंगार होते. अडीच लाख चाललेल्या अशा गाडीत तो निदान दोनदा बदललेला असायला हवा, आणि बदलला आहे हे सिद्ध करणारा कागद नसेल तर तो बदललेला नाही असेच धरून पैसे बाजूला काढायला हवेत. परंतु 'गेल्याच वर्षी बदलला' हे तीन शब्द किती गोड वाटतात!

चाचणीसाठी गाडी चालवताना काचा बंद, एसी पूर्ण आणि गाणी मोठ्याने लावलेली असावीत.

क्लचची परीक्षा वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर दाबून घेता येते, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र वाढेना तर क्लच गेला असे समजतात. आपण ही परीक्षा घेऊ नये.

डॅशबोर्डवर एकही इशाऱ्याचा दिवा पेटलेला नसेल तर निर्धास्त व्हावे. चावी फिरवल्यावर हे सारे दिवे आधी लागायला हवेत आणि मग विझायला हवेत, हा नियम चिकित्सक लोकांसाठी आहे. एअरबॅगचा दिवा मुळी लागतच नसेल, तर त्याचा बल्बच कोणीतरी काढून टाकला असण्याचा संभव असतो, पण सदोष एअरबॅगपेक्षा दिव्याची कटकट गेलेली काय वाईट? जवळजवळ सर्व आधुनिक गाड्यांत डॅशबोर्डखाली स्कॅनर लावण्यासाठी सॉकेट असते (अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ते बंधनकारकच आहे), आणि गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोष त्यातून वाचता येतात. आपण येण्यापूर्वी ते दोष पुसून टाकले असतील, तर गाडीने स्वतःच्या तपासण्या अजून पुऱ्या केलेल्या नाहीत असे तोच स्कॅनर दाखवतो, म्हणजे पुसल्याच्याही खुणा राहतात. हा चहाडखोर स्कॅनर बरोबर नेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचा सल्ला. गाडी आपल्या विश्वासातल्या मेकॅनिककडे तपासणीसाठी मुळीच नेऊ नये, कारण तपासणीला पैसे पडतात. माझ्या परिचितांचा युक्तिवाद असा होता की गाडीच इतकी स्वस्त आहे, तर तिच्या तपासणीवर खर्च कशाला करायचा. हे तर्कशास्त्र इतके निर्दोष आहे की त्याला उत्तर सुचायलाही वेळ लागतो. महागड्या, नव्या, वॉरंटीतल्या गाडीची तपासणी करायची, आणि जिच्या प्रत्येक सुट्या भागाचे आयुष्य संपत आले आहे ती मात्र फोटो पाहून घ्यायची! गाडी लिफ्टवर चढवली की खालचा गंज दिसतो, सांध्यांतले फाटलेले बुश दिसतात, शॉक ॲबसॉर्बरमधून ओघळलेले तेल दिसते, अपघातानंतर वेल्डिंग करून सरळ केलेली चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, दिसते. ऑइल भरण्याचे झाकण उघडले की त्याखाली दुधाळ थर आहे का हे दिसते, आणि तो असला तर ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळल्याची शंका घ्यावी लागते. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला की इंजिनात किती जीव उरला आहे ते कळते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल काळे पडून करपट वास मारत असेल, तर पुढे किती मोठा खर्च वाढून ठेवला आहे ते कळते. सीटखालच्या बोल्टांवरचा गंज आणि कार्पेटखालचा गाळ गाडी पुरात बुडाली होती हे सांगतात, मग वर कितीही सुगंधी फवारा मारलेला असो. जाणत्या माणसाला हे सारे पाहायला अर्धा दिवसही लागत नाही, आणि सौद्याचा सगळा जुगार त्या अर्ध्या दिवसावर ठरतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले होते की गाडीचा खरा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, त्यामुळे घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो, त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी विकायला काढत नाही, आणि बाजारात रद्दी तेवढी उरते. पुढे २००१ साली इतर दोघांसह त्यांना नोबेल मिळाले. हे अज्ञान दूर करण्याचा साधा उपाय मेकॅनिकच्या लिफ्टवर उपलब्ध असताना तो नाकारून वर 'आमचे नशीबच खराब' असे म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावे? आणि 'तपासणीला नेऊ देणार नाही, घ्यायची तर अशीच घ्या' असे विक्रेता तोंडावर सांगतो, तेव्हाही ज्याचे डोळे उघडत नाहीत, त्याने दुसऱ्याला सल्ला विचारून त्याचा वेळ तरी का घालवावा?

बरे, अतिस्वस्त आणि खूप चाललेली गाडी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. एकाच मालकाने वापरलेली, नोंदी असलेली, तीन लाख चाललेली साधी गाडी ही नोंदी नसलेल्या ८० हजारांच्या गाडीपेक्षा कितीतरी भरवशाची असू शकते. रंग उडालेला, पत्रा चेपलेला, सीट फाटलेली, एसी बंद, या दोषांमुळे किंमत पडते, पण गाडी त्यामुळे थांबत नाही. हे दोष आनंदाने पत्करावेत. इंजिन, गिअरबॉक्स, चॅसिसचा गंज आणि पूर यांच्या बाबतीत मात्र दुसरी संधी नसते. गाडीची किंमत, लगेच करावी लागणारी कामे आणि पहिल्या वर्षासाठी राखून ठेवलेली रक्कम यांची बेरीज करावी, आणि तेवढ्याच पैशांत याहून बरी गाडी मिळते का ते पाहावे. गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये राहिली तर कामावर जाण्याची दुसरी सोय आहे का, हेही स्वतःला विचारावे. एवढा हिशेब शाळेतल्या मुलालाही येतो. तो होत नाही, कारण पहिला आकडा पाहूनच हुरळून जायचे ठरलेले असते.

तुम्ही तुमचे पैसे बुडवा, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण त्या गाडीचे टायर तुम्ही पाहिलेत का? टायरच्या कडेवर DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे तो तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष असते. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत दिसते म्हणून तुम्ही खूश झालात, आणि कडेच्या रबराला पडलेल्या भेगा तुम्हाला दिसल्या नाहीत. ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारे द्रव, हवेतला ओलावा शोषते, ओलाव्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर सतत ब्रेक लावत गेल्यावर ते उकळून पेडल सरळ खाली जाऊ शकते. म्हणून अनेक गाड्यांत ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. तुमच्या गाडीत ते कधी बदलले, हे तुम्हाला माहीत नाही, विक्रेत्याला माहीत नाही, आणि विचारावे असेही कोणाला वाटले नाही. गाणी वाजतात का हे मात्र दोनदा तपासलेत! त्या गाडीत तुम्ही बायकामुलांना बसवणार आहात, आणि समोरून येणाऱ्या माणसाने तर तुमच्या सौद्यात एक पैसाही वाचवलेला नाही. इंजिन बंद पडले तर तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहाल, लोक हसतील, मीही हसेन. ब्रेक लागला नाही तर कोणी हसणार नाही. तेव्हा ती गाडी उद्याच्या उद्या टो करून गॅरेजमध्ये न्या, चालवत नेऊ नका, चारही चाके उतरवायला सांगा, ब्रेकचे पॅड, डिस्क, पाइप आणि फ्लुइड दाखवून घ्या, टायर बदला, आणि मेकॅनिकने आकडा सांगितल्यावर 'इतक्याला तर गाडी घेतली' हे वाक्य त्याला ऐकवू नका.