हॉवेल्सचा खरा टोळ आणि आमचा दिवाळी अंकांचा वाद

दिवाळी अंक आले की आमच्या मित्रांच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो, किती ते दुःख उगाळायचं, जरा प्रसन्न काहीतरी लिहा की. आणि हे सगळ्यात जोरात म्हणतो कोण, तर आम्ही बाहेर राहणारे. मला हे अजिबात पटत नाही.

मी बोस्टनला राहते. इथे 'अटलांटिक मंथली'चा संपादक होता विल्यम डीन हॉवेल्स, ओहायोतल्या छापखानावाल्याचा मुलगा, लहानपणी छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवलेला. १८९१ च्या 'क्रिटिसिझम अँड फिक्शन' या पुस्तकात तो म्हणतो की लेखकाला सांगतात, गवतातला खरा टोळ कशाला बघतोस, तार आणि पुठ्ठ्याचा आदर्श टोळ आहे ना, त्याची नक्कल कर. त्याचं म्हणणं, साध्या माणसाने खरा टोळच मागावा. त्याने स्वतः लिहिलाही तसाच. 'द राइज ऑफ सायलस लॅफम' (१८८५) या त्याच्या कादंबरीतला रंगाचा कारखानदार बोस्टनच्या खानदानी घरी जेवायला जातो, हातमोजे घालावेत की नाही याचंच त्याला टेन्शन, मग दारू जास्त होते आणि तो बढाया मारत सुटतो. नव्या देशात पहिल्या पार्टीला गेलेल्या कुणालाही ते वाचून पोटात कालवतं.

पण याच हॉवेल्सने १८८६ मध्ये लिहिलं होतं की आयुष्याची हसरी बाजूच जास्त अमेरिकन आहे. म्हणजे आमच्या ग्रुपचंच म्हणणं! त्याच वर्षी शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बॉम्ब फुटला, तो त्यांनी टाकल्याचा पुरावा नसताना अराजकवाद्यांना फाशी सुनावली, आणि नोव्हेंबर १८८७ मध्ये या माणसाने पेपरात जाहीर पत्र लिहून त्यांच्यासाठी दयेची मागणी केली, मोठमोठे लेखक गप्प बसलेले असताना. तरी चौघांना फासावर चढवलंच. एवढं होऊनही ते हसरं वाक्य त्याने १८९१ च्या पुस्तकात ठेवलं, हे मला खटकतं, पण टीकाकार म्हणून मी त्याला मानते ते पुढच्या कामासाठी. न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीतल्या शिवणकामगारांवर लिहिणाऱ्या एब्राहम काहानची 'येकल' ही कादंबरी आली १८९६ मध्ये, आणि हॉवेल्सने तिचं मनापासून कौतुक केलं.

आपल्याकडे व्हिसा अडकल्यामुळे आईच्या शेवटच्या आजारपणात जाता आलं नाही अशी माणसं शेकड्याने आहेत, भारतातली डिग्री असून इथे दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यावर कुणी मराठीत लिहिलं तर ग्रुपवर पहिला रिप्लाय 'फार निगेटिव्ह आहे' असा येऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.