कुंडीला खतपाणी

माणसाच्या तब्येतीबद्दल सल्ला देताना लोक निदान 'मी काही डॉक्टर नाही, पण' एवढं तरी म्हणतात. झाडाच्या बाबतीत तेवढीही भीडभाड नसते. दारातल्या कुंडीत आमचं टोमॅटोचं एक झाड आहे. पानं हिरवीगार, खोड जाडजूड, उंची माझ्या खांद्याला आलेली, पण फळाचा पत्ता नाही. येणारा प्रत्येक जण चपला काढायच्या आधी कुंडीत बोट खुपसतो, बोटाला लागलेली माती चोळून बघतो आणि निदान करतो, "कस नाही हो मातीत."

'खतपाणी घालणे' हा शब्द मराठीत बहुतेक भांडणाला, अफवेला किंवा संशयाला लागूनच येतो, आणि 'सुपीक डोकं' म्हटलं की ज्याचं डोकं असतं तोही चपापतो. ही आपल्या पूर्वजांची दूरदृष्टी असणार. त्यांच्याही दारात कुंड्या असतील आणि त्यांनाही काका असतील.

आमच्या काकांचा पक्ष शेणखताचा. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या अडचणी शेणखत कमी पडल्याने उद्भवतात. मावशी केळ्याच्या साली भिजवून ते पाणी घालते. सालींमधलं थोडंफार पोटॅशियम त्या पाण्यात उतरत असेलही, चिलटं मात्र भरघोस येतात. शेजारणीची श्रद्धा अंड्याच्या टरफलांवर. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बारीक पूड केली नाही तर ते मातीत विरघळायला इतका वेळ घेतं की तोवर झाडाचं आयुष्य संपतं. आमच्या कुंडीत त्याचे तुकडे जसेच्या तसे सापडतात. आणखी काही शतकांनी कुणी उत्खनन केलं, तर इथे कोंबड्यांची मोठी वसाहत होती असा निष्कर्ष निघेल.

भाचा विज्ञानवादी. तो 19:19:19 अशी पिशवी घेऊन आला. नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम यांचे हे वजनाचे टक्के, असं त्याने सुनावलं. त्यातले शेवटचे दोन आकडे त्या मूलद्रव्यांचे नसून त्यांच्या ऑक्साइडचे असतात, आणि पिशवीत ती ऑक्साइडं त्या रूपात नसतातच. जुन्या रसायनशास्त्रज्ञांची ती हिशेबाची पद्धत, ती अजून चालू आहे. म्हणजे पिशवीवर लिहिलेलं आत नसतं, हे खतवाल्यांनी राजरोस मान्य केलंय. एवढा प्रामाणिकपणा आमच्या घरात कुणाकडेच नाही.

मग कंपोस्टची बादली आली. कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण साधारण तीसास एक असावं लागतं, म्हणजे ओल्या कचऱ्यावर सुका पाला सढळ हाताने घालायचा. ओला कचरा टाकायला सगळे हौशीने पुढे येतात. सुका पाला आणायची वेळ आली की प्रत्येकाला फोन येतो. परिणामी बादलीतली हवा कोंडली आणि वास घरभर सुटला. "हा वास म्हणजे प्रक्रिया सुरू झाल्याची खूण," काका म्हणाले. प्रक्रिया सुरू झाली होती हे खरं, पण ती कुजण्याची होती. चांगलं कंपोस्ट पावसानंतरच्या मातीसारखं वास मारतं, हे सांगायला मी तोंड उघडलं असतं, पण नाक धरलेलं होतं.

गांडुळांचाही प्रयोग झाला. चार्ल्स डार्विन म्हातारपणी गांडुळांमध्ये रमला होता. त्यांच्यापुढे त्याने शिट्टी वाजवून बघितली, बसून नावाचं लाकडी नळीचं वाद्य वाजवून बघितलं, पण ती ढिम्म. त्यांची कुंडी पियानोवर ठेवून सूर छेडल्यावर मात्र कंप जाणवून ती बिळात पळाली. आमची गांडुळं पियानोशिवाय, नुसत्या चर्चेनेच पळाली.

खतावरून भांडणारे आम्हीच पहिले नाही, एवढाच दिलासा. 1864 मध्ये स्पेनच्या आरमाराने दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची चिंचा नावाची बेटं बळकावली. बेटांवर होती समुद्रपक्ष्यांची विष्ठा! तिथे पाऊस जवळपास नाही, म्हणून त्यातला नायट्रोजन वाहून न जाता थरांवर थर साचले होते. पेरूचा खजिना त्यावर चालायचा. पुढे त्या भांडणात खऱ्या तोफा धडाडल्या. आमच्याकडे तूर्त फक्त भांडी आपटतात.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, कुंडी उन्हात ठेवा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिखने गाजवलेला एक नियम आहे. मूळ तो श्प्रेंगेलचा, पण नाव गाजवणाऱ्याचं झालं, हे ओघाने आलंच. झाडाची वाढ जे सगळ्यात कमी पडतं त्यावर ठरते. बाकीचं कितीही ओता, उपयोग शून्य. टोमॅटोला दिवसाचं सहा-आठ तास ऊन लागतं. दारातल्या सावलीत त्याला मिळतात पाहुणे. वर नायट्रोजन जास्त झाला की झाड पानांतच रमतं, फळाचं नाव घेत नाही. पण ऊन फुकट असतं आणि कुंडी सरकवल्याचं श्रेय कुणाला मिळत नाही, म्हणून तो ठराव कधी मंजूरच झाला नाही.

शेवटी भाच्याने माती तपासायला दिली. अहवाल आला. नायट्रोजन जास्त, फॉस्फरस खूप जास्त, पोटॅशियम खूप जास्त, क्षार धोक्याच्या पातळीला. शिफारस: कोणतंही खत देऊ नये, भरपूर साधं पाणी घालून माती धुऊन काढावी. मी सगळ्यांना बसवून तो मोठ्याने वाचून दाखवला. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग काका म्हणाले, "बघ, आहे ना कसदार? शेणखताचा गुण आहे तो."

मावशीने अहवाल हातात घेतला, 'पाणी' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मग मी तरी दुसरं काय घालते?"