एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर (पाऊण तासाबद्दल)

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. जमिनीखालच्या दगडांच्या थरांचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आमच्या क्लासला शनिवार-रविवार घालवून आणि साडेतीन हजार भरून तुमचं समाधान झालं नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी.

तुम्ही लिहिलंय की 'जिऑलॉजिकल मॉडेलिंग सॉफ्टवेअरची तुलना' असं नाव देऊन दीड दिवस सर्फर आणि क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवरच काढला, थ्रीडी मॉडेल करणारं लीपफ्रॉग लांबून दाखवलं, पेट्रेल नुसतं स्लाइडवर, बेस्ट कोणतं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, मॅडम तिरसट आहेत, आणि क्लास पाऊण तास उशिरा सुरू झाला. तिरसटचं सोडा, ते माझी आई पण म्हणते. पण पाऊण तासाचं वाचून मला खरंच लागलं, म्हणून आधी तेच लिहिते.

वेळ साडेनऊची होती. भावाने पावणेनऊला शटर उघडलं, सव्वानऊपर्यंत अकरा जण येऊन बसले होते, त्यातल्या एक ताई पहाटेच्या एसटीने साताऱ्याहून आल्या होत्या. तुम्ही नऊ पस्तीसला आलात, त्याबद्दल काही म्हणणं नाही, नारायण पेठेत शनिवारी गाडी लावायची म्हणजे काय ते मला माहितीये. पण तुम्ही आणलेला लॅपटॉप ऑफिसचा, त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड तुमच्या आयटीवाल्याकडे, आणि तो शनिवारी फोन उचलत नाही. बुधवारीच मी ग्रुपवर टाकलं होतं की विंडोजचा स्वतःचा लॅपटॉप आणा आणि सर्फरचं ट्रायल घरूनच टाकून या, त्यावर तुमचा अंगठा पण आहे. शेवटी भावाने स्वतःचा लॅपटॉप तुम्हाला दिला, त्यावर सगळं परत टाकलं, त्यात सव्वादहा झाले. तोपर्यंत मी सुरू करणारच होते, तर तुम्हीच म्हणालात की मॅडम थांबा, बेसिक चुकायला नको. मी थांबले, ती चूक माझी. पण मग जेवणाची सुट्टी अर्धा तास कमी केली आणि पाचच्या ऐवजी पावणेसहापर्यंत शिकवलं, ते रिव्ह्यूमध्ये कुठे दिसलं नाही.

आता बेस्ट कोणतं. सर, हे मी दोन्ही दिवस सांगत होते, फक्त तुम्हाला हवं होतं तसं एका नावात नाही सांगितलं. तुमच्याकडे सासवड बाजूच्या चौदा बोअर आहेत. वर मुरूम, खाली काळा पाषाण, मध्येच लाल बोल (दोन थरांमधली लाल माती), आपल्याकडचे बेसॉल्टचे थर साधारण आडवे. अशा थराचा माथा काढायला सर्फरचा ग्रिड (नकाशावरची आकड्यांची चौकट) पुरतो. ग्रिडमध्ये एका एक्स-वायला एकच झेड, म्हणजे एका जागेला एकच उंची बसते, त्यामुळे उभा डाइक (थर कापत वर आलेली दगडाची भिंत) आला किंवा थर उलटा दुमडलेला असला की तो हात टेकतो, तिथे लीपफ्रॉगसारखं थ्रीडी लागतं. पेट्रेल मुळात तेल-गॅसवाल्यांचं, सिस्मिक डेटा (जमिनीत लहरी सोडून मिळालेला) असेल तर त्याची मजा, चौदा बोअरसाठी ते घेणं म्हणजे दोघांच्या चहाला लग्नातलं पातेलं चढवणं. जेमपाय हे थ्रीडीचंच सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं पण आहे, पण पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आली पाहिजे, आणि त्या दिवशी पायथन येणारे हात फक्त दोन वर गेले.

लीपफ्रॉगचं लायसन आमच्याकडे एकच आहे म्हणून ते प्रोजेक्टरवरच दाखवावं लागतं, हे फॉर्मवर लिहिलेलं असतं (अक्षर बारीक आहे, मान्य). नवीन बोअर टाकली की मॉडेल आपोआप बदलतं हे बघून सगळे खूश झाले, पण त्याच वेळी मी दुसरं पण दाखवलं होतं, की ट्रेंड (थर कुठल्या दिशेला पसरलेत ते) न देता नुसतं बटण दाबलं तर ते आपल्या आडव्या थरांचे बटाटे करतं. तुम्ही तेव्हा बाहेर फोनवर होतात.

आणि डेटावर अर्धा दिवस का घालवला? किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बोअर घेतली तर ३३८ मीटरला ट्रॅप (म्हणजे आपला बेसॉल्ट) संपला, कोयनेला तेच नऊशेच्या पुढे गेलं. एवढा फरक पडतो. दोन बोअरच्या मधलं कुठलंच सॉफ्टवेअर बघत नाही, पन्नास हजाराचं असो की फुकटचं, ते अंदाजच बांधतं.

तुमच्या नकाशात मधोमध जो खड्डा पडला आणि तुम्ही सगळ्यांसमोर 'सर्फर गंडलेलं आहे' म्हणालात, तो सर्फरने पाडला नव्हता. बोअर क्रमांक नऊची उंची ७४३.५ च्या जागी ७४.३५ टाइप झाली होती. क्रिगिंग (बोअरच्या मधले आकडे अंदाजाने भरायची सर्फरची पद्धत) दिलेल्या आकड्याला जागतं, तुम्ही चौऱ्याहत्तर सांगितलं तर ते तिथे पावणेसातशे मीटरचं पाताळ काढून देणारच. लीपफ्रॉगमध्ये टाकलं असतं तरी खड्डाच आला असता, फक्त फिरवून बघता आला असता. मी ते हळूच तुमच्याजवळ येऊन सांगितलं, चारचौघात नाही, आणि त्यावर 'तिरसट' आलं याचं जरा वाईट वाटलं.

अजून एक लिहू का नको विचार करत होते. 'सॉफ्टवेअर द्यायला टाळाटाळ केली' असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही चहाच्या वेळी माझ्या भावाकडे पेन ड्राइव्ह देऊन क्रॅक (लायसनशिवाय चालणारी चोरीची कॉपी) मागितलं होतं. ते आम्ही देत नाही. एका लायसनचे हप्ते भरताना आमची काय अवस्था होते ते आम्हाला माहिती.

तुमचं काही बरोबर पण आहे. प्रोजेक्टर फिका आहे, मागच्या बाकावरून लेजंड (नकाशाची खूणसूची) वाचता येत नाही, बघतो आता त्याचं. लीपफ्रॉगला पुढच्या बॅचपासून जास्त वेळ द्यायचा प्रयत्न करू, वेळापत्रकात पण थोडा बदल डोक्यात आहे.

आमची ही दोन खोल्यांची जागा, मी आणि भाऊ, महिन्याला एक बॅच झाली तर झाली. तुमचा रिव्ह्यू वर दिसायला लागल्यावर पुढच्या बॅचच्या दोघांनी 'तिथे वेळेवर सुरू होत नाही म्हणे' म्हणून पैसे परत मागितले, आम्ही दिले. नऊ नंबर दुरुस्त करून तुमची फाइल मी मेल केली आहे, खड्डा गेलाय, बघून घ्या. एक स्टार राहू द्या हवं तर, तुमचा हक्क आहे तो. फक्त तेवढं पाऊण तासाचं वाक्य बदलता आलं तर बदला.