बंदीच्या आधी, शेजाऱ्यांना सांगा की आत काय आहे

देशात कुठल्या केमिकल कंपनीत स्फोट झाला की आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या. एक म्हणते हे कारखाने बंदच करा, दुसरी म्हणते बघा जर्मनीत असलं काही होत नाही, तिकडे कायदे कडक. मी इथे जर्मनीतच राहतो म्हणून सांगतो, होतं. 27 जुलै 2021 ला लेव्हरकुसेनच्या केमिकल पार्कमध्ये कचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला, सात माणसं गेली. आणि बंदी कसली, ऱ्हाईनच्या काठाने कारखानेच कारखाने आहेत.

मुळात पदार्थ धोकादायक असणं वेगळं आणि तो किती, कुठे, कुणाच्या शेजारी ठेवलाय त्यावरून येणारी जोखीम वेगळी, आपण भांडताना दोन्हीची खिचडी करतो. सल्फ्युरिक ॲसिडच घ्या, युरोपच्या वर्गीकरणात 15 टक्के किंवा वर असेल तर कातडी जाळणारं, 5 ते 15 च्या मधे असेल तर फक्त त्रासदायक, लेबलवरचं चित्रसुद्धा बदलतं. त्यामुळे 'केमिकल म्हणजे विष' हे मला काही पटत नाही, आणि 'नॅचरल आहे म्हणजे सेफ' हेही नाही.

कायदा आपल्याकडे नाही असंही नाही हो. 1984 च्या भोपाळनंतर 1986 चा पर्यावरण कायदा आला, 1989 ला धोकादायक रसायनांचे नियम आले, त्यात रसायनांची यादी आहे, किती टनांच्या वर साठा गेला की काय बंधनं ते आहे, आणि नियम 15 म्हणतो की अपघात झाला तर ज्यांना झळ लागेल त्यांना कंपनीने आधीच माहिती द्यायची. इथेही तेच आहे, इटलीत 1976 ला सेवेसोला डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन पसरलं त्यानंतरचा नियम, मोठा साठा असलेल्यांनी निदान दर पाच वर्षांनी न मागता आजूबाजूला कळवायचं. फरक असा की इथे ते पत्रक खरंच घरी येतं, आत काय साठवलंय, सायरन वाजला की काय करायचं, सगळं. ग्रुपवर विचारलं तुम्हाला कुणी असं काही दिलंय का, तर सगळे गप्प.

दुसरा मोठा फरक म्हणजे सिद्ध कुणी करायचं. 2007 पासून युरोपात 'रीच' कायदा आहे, वर्षाला एक टन किंवा जास्त माल बनवायचा किंवा आयात करायचा तर सेफ्टीचा डेटा कंपनीनेच द्यायचा, नाहीतर बाजारात यायचं नाही. आपल्याकडे त्याच वळणाचा ड्राफ्ट 2020 ला आला होता. छोट्या युनिटांना टेस्टिंगचा खर्च झेपणार नाही हा मुद्दा मला खोटा वाटत नाही, पण इथे एकाच पदार्थाच्या कंपन्या मिळून नोंदणी करतात, खर्च वाटून घेतात, तसं करता येईल की.

युरोपला डोक्यावर घेऊ नका पण. स्वतःच्या शेतात बंदी घातलेली कीटकनाशकं इथल्याच कंपन्या बाहेरच्या देशांना विकतात, आणि त्यावर इथल्या कडक कायद्याला फारसं काही वाटत नाही.