किशोरांचा दीनी कॅम्प मुलांच्याच हाती द्या, पण चार रविवार आधी

ही पोस्ट मुंब्रा, कौसा, राबोडी, नेरूळ, तळोजा इथल्या आईवडिलांसाठी आणि मशिदींच्या ट्रस्टींसाठी आहे. त्याहून जास्त ती त्या सोळा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी आहे, ज्यांना डिसेंबरच्या सुट्टीत दोन रात्रींचा दीनी (धार्मिक) कॅम्प भरवायचा आहे. जरा लांब आहे, कारण कॅम्प बिघडतो तो बारीकसारीक गोष्टींवरूनच.

आधी स्पष्ट मत. किशोरांचा कॅम्प किशोरांनीच चालवावा. मोठ्यांची तकरीर (धार्मिक भाषण) ऐकताना चौदा वर्षांचं पोर मान डोलावतं आणि घरी आलं की विसरतं. सतराच्या भाईने "फजरला (पहाटेच्या नमाजला) उठणं मलाही जड जातं, मी असं करतो" म्हटलं, की तेच पोर कान देऊन ऐकतं. मात्र मुलांनी चालवायचं म्हणजे एक तिलावत (कुराणपठण) आणि एक नात (पैगंबरांच्या स्तुतीचं गीत) त्यांना देऊन आपण मोकळं व्हायचं, असं नाही. वेळापत्रक, पैशांचा हिशेब आणि पाहुणा कोण बोलवायचा हे तिन्ही निर्णय त्यांचे. मोठ्यांकडे सुरक्षा, गाडी आणि चूल. उसामा बिन जैद (रजि.) यांच्याकडे फौजेची सूत्रं आली तेव्हा ते अठराच्या आसपास होते, आणि त्या फौजेत वयाने कितीतरी मोठे सहाबा (पैगंबरांचे साथीदार) होते. हा दाखला आपण सगळेच देतो. मग सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती चाळीस जणींच्या जेवणाचा हिशेब द्यायला आपला हात का अडखळतो?

आपल्याकडे दोन तऱ्हांची मुलं आहेत आणि दोघांची गरज वेगळी आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंब्रा-कौसा झपाट्याने वाढलं. तिथल्या मुलाला मशीद पाच मिनिटांवर, दोस्त सगळे आपलेच. त्याला दुसऱ्या मसलकचा (पंथाचा), दुसऱ्या माध्यमाच्या शाळेतला मुसलमान मुलगा मात्र क्वचितच जवळून भेटतो. नेरूळ-खारघरच्या मुलीचं उलट असतं. वर्गात मुसलमान ती एकटी किंवा दुकटी, रोजा असला की दरवर्षी तेच प्रश्न, आणि मोकळं बोलायला बरोबरीचं कुणी नाही. म्हणून हलके, म्हणजे गोल बसून वाचायच्या-बोलायच्या लहान तुकड्या, करताना एका मोहल्ल्याची दोनपेक्षा जास्त मुलं एका हलक्यात ठेवू नका. मैत्रीण बरोबर हवी म्हणून मुली रुसतात. प्रत्येकीला एक ओळखीची द्या, बाकी सगळ्या नव्या.

आकडा ३६ धरा, वय १३ ते १६. सहा-सहांचे सहा हलके, प्रत्येकाला सोळा ते अठराचा एक भाई किंवा आपा (ताई), आणि सहा मोठी माणसं. एकूण ४८. मुलांचा आणि मुलींचा कॅम्प वेगळा करा. मुलींच्या कॅम्पात मोठी माणसंही बायकाच, आणि निर्णय मुलींचेच. मुलांच्या कॅम्पाचं वेळापत्रक उतरवून मुलींना देणं ही फार जुनी चूक आहे.

तयारीचे चार रविवार मात्र सोडायचे नाहीत. पहिल्या रविवारी हलका चालवायचा सराव, दुसऱ्या रविवारी हिशेब आणि जेवण, तिसऱ्या रविवारी मोठ्यांसोबत जागेची पाहणी, चौथ्या रविवारी सगळं वेळापत्रक घड्याळ लावून बोलून पाहायचं. २०२६ चा नाताळ शुक्रवारी येतो. म्हणजे २५ ते २७ डिसेंबरला कॅम्प असेल, तर पहिली बैठक २९ नोव्हेंबरला. फेब्रुवारी-मार्चवर अवलंबून राहू नका. दहावी-बारावीच्या परीक्षा तेव्हाच, आणि सध्या रमजानही त्याच दिवसांत येतो.

जागा कर्जत-नेरळ किंवा बदलापूरकडची. शुक्रवारी जुमा आपापल्या मशिदीत पढून ठाणे स्टेशनला जमायचं. नवी मुंबईची मुलं ट्रान्स हार्बरने ठाण्याला येतात, पुढे सगळे मिळून कर्जत लोकल. सामान रेल्वेने नेऊ नका, ते टेम्पोने जाऊ द्या. परतीच्या रविवारी मेगाब्लॉकचं पत्रक शनिवारीच वाचा. ते न वाचल्यामुळे थकलेली मुलं दोन-दोन तास फलाटावर बसतात आणि सगळा गोडवा तिथेच संपतो.

आता नमाज. पहिली कुजबुज इथूनच सुरू होते, म्हणून थोडं सविस्तर. कोकणी घरातली मुलं शाफई, उत्तरेकडून आलेल्या घरांतली बहुतेक हनफी; नमाजचे बारीक नियम दोघांचे वेगळे. डिसेंबरअखेर आपल्याकडे शाफई असर (दुपारनंतरची नमाज) पावणेचारच्या सुमारास लागते आणि हनफी साडेचारला. जमात (एकत्र नमाज) पावणेपाचला ठेवली की दोघांचीही वेळ झालेली असते आणि मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजला) तासाभराहून जास्त अवकाश राहतो. फजरमध्ये शाफई इमाम दुआ-ए-कुनूत (उभ्याने करायची एक दुआ) पढतो. हनफी मुलं गोंधळून एकमेकांकडे बघतात, कुणीतरी हसतं आणि दिवसभर तो विषय पुरतो. आदल्या रात्री इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) भाईने दोन वाक्यांत सांगून ठेवावं की उद्या इमाम कुनूत पढेल, ज्याच्या पद्धतीत नाही त्याने शांत उभं राहावं. मोठ्याने आमीन, हात उठवणं, वित्र (इशानंतरची नमाज) यांचंही तसंच. वित्र ज्याची त्याने आपल्या पद्धतीने पढावी. कसर (प्रवासात नमाज आखूड करणं) करायची का, हा प्रश्न दरवेळी येतो. ठाण्याहून नेरळ पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. हनफी आणि शाफई दोन्ही हिशेबांनी मर्यादा पाऊणशेच्या पुढे जाते, तेव्हा नमाज पूर्ण.

वुजूचं (नमाजआधी हात, तोंड, पाय धुण्याचं) पाणी आधीच मोजा. लोट्याने माणशी दीड लिटर धरलं तर ४८ जणांना पाच वेळचे ३६० लिटर लागतात. नळ उघडा राहिला तर याच्या कितीतरी पट, आणि शनिवारी जुहरलाच (दुपारच्या नमाजलाच) टाकी कोरडी. नबी (स.) एक मुद पाण्यात, म्हणजे लिटरभराहून कमी पाण्यात वुजू करत, हे मुलांना सांगायची हीच जागा. सहा नळ असतील आणि प्रत्येकाला दोन मिनिटं लागली तर सोळा मिनिटं होतात. म्हणून अजान आणि इकामत (नमाज सुरू होतानाची पुकार) यांत वीस मिनिटं ठेवा.

दोन गोष्टींवर कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. मुलांच्या कॅम्पात पहाटे पावणेपाचपासून दोन न्हाणीघरं गरम पाण्यासह उघडी हवीत. कोण गुसल (पाक होण्यासाठीची पूर्ण अंघोळ) करतंय आणि का, हे विचारायचं नाही. ही सोय नसली की मुलगा लाजेने फजर चुकवतो, मग खोटं सांगतो, आणि त्याच्या डोक्यात कॅम्पची आठवण म्हणून तेवढंच राहतं. मुलींच्या कॅम्पात नमाजची हजेरी घ्यायचीच नाही. पॅड आणि झाकणाचा डबा प्रत्येक न्हाणीघरात उघड्यावर ठेवा. पाळीमुळे नमाज नसलेल्या मुलींना कोपऱ्यात बसवू नका. त्या वेळी जिक्र (अल्लाहचं स्मरण), दुआ किंवा चहाची तयारी, जे त्यांना हवं ते.

हलक्यांसाठी कुराणातली एकच सूरह (अध्याय) पुरे. हुजुरात, अठरा आयती. सहावीत खबर पडताळून घ्यायचा हुकूम आहे. अकरावीत खिल्ली उडवणं आणि नावं ठेवणं, बारावीत संशय आणि गीबत (पाठीमागची निंदा), तेरावीत कौम आणि कबिले कशासाठी. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, चिडवायची नावं, मसलकवरून टोमणे, सगळं यात येतं. हलक्याच्या चार बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटं. पाच मिनिटं वाचन, पाच मिनिटं गप्प बसणं, मग प्रत्येकजण एकदा बोलेपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. गप्प बसायची पाच मिनिटं नव्या भाईला भयंकर लांब वाटतात आणि तो स्वतःच बोलू लागतो. सरावात घड्याळ लावायचं ते यासाठी. उर्दू सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून मराठी, हिंदी आणि इंग्रजी भाषांतरं जवळ ठेवा. अरबी वाचायला कुणालाही अचानक सांगू नका. पंधराव्या वर्षी अडखळत वाचणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर उघडं पाडलं, तर तो पुढच्या वर्षी येणार नाही.

सवालांची पेटी ठेवा. शनिवारी जुहरनंतर प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची. प्रश्न नसेल तर कोरी, म्हणजे कुणी प्रश्न लिहिला आणि कुणी नाही हे कळत नाही. अल्लाह दुआ ऐकतो तर अब्बांची नोकरी का गेली, मोबाइलवर नको ते बघायची सवय सुटत नाही, हिजाबवरून वर्गात बोलतात तेव्हा काय उत्तर द्यावं, असे प्रश्न येतात. मसल्याचे (दीनच्या नियमांचे) प्रश्न आलिम किंवा आलिमाकडे (दीनच्या जाणकाराकडे) द्या, मनाचे हलक्यात घ्या. मारहाण, छळ, जीव देण्याची भाषा, असलं काही दिसलं तर भाई-आपाने स्वतः सोडवायला जाऊ नये. चिठ्ठी त्याच क्षणी मोठ्यांच्या हातात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. 'मोहल्ल्यात मिटवू' म्हणणाऱ्याला कॅम्पात जबाबदारी देऊ नका.

शनिवारी रात्री दिवे मालवून, कबरीचं वर्णन करून मुलांना रडवायचं, ही रीत बंद व्हायला हवी. त्या रात्री सगळे रडतात, शंभर वचनं देतात, आणि बुधवारी फजर चुकली की आपण मुनाफिक (ढोंगी) झालो असं वाटून नमाजच सोडतात. त्याऐवजी शेकोटी, प्रत्येकाने आपल्यासाठी एक लहानशी गोष्ट ठरवायची आणि साडेदहाला झोप. फजर पावणेसहाला लागते. एक वाजेपर्यंत जागवलेली मुलं रविवारच्या हलक्यात डुलक्या घेणारच.

जेवण साधं ठेवा. मटण माणशी १५० ग्रॅम म्हणजे सव्वासात किलो. ते ओळखीच्या दुकानातून शुक्रवारी सकाळी घेऊन बर्फात न्यायचं आणि त्याच रात्री दालचा करून संपवायचं. पुढे खिचडी, अंडी, भाजी. बिर्याणीच्या डेगेपायी मोठी माणसं अर्धा दिवस चुलीपाशी अडकतात आणि मुलांवर लक्ष राहत नाही. फी बंद लिफाफ्यात घ्या, लिफाफ्यावर नाव नको. ज्याला जमेल ते.

नदीत, धबधब्यात, बंधाऱ्यात कुणीही उतरायचं नाही. गुडघाभर पाण्यातही नाही. गाडी आणि चालक दोन्ही रात्री जागेवर हवेत, दम्याचे पंप आणि औषधं नावानिशी एका डब्यात, आणि जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी पत्र आधीच दिलेलं.

घरी परतल्यावर सहा आठवडे प्रत्येक हलक्याने आठवड्यातून एकदा भेटायचं. रविवारी असरनंतर, चाळीस मिनिटं. मुंब्र्याला आणि नेरूळला सारखंच सोयीचं म्हणजे ठाणे. स्टेशनातून चालत मासुंदा तलाव. तिसऱ्या आठवड्यात गळती लागते. कुणी आलं नाही तर ग्रुपवर विचारायचं नाही, भाईने त्याच संध्याकाळी फोन करायचा. सहाव्या रविवारी हिशेबाचा कागद आईवडिलांना वाचून दाखवायचा, तोही मुलांनीच, आणि उरलेल्या पैशांचं काय करायचं ते तिथेच ठरवायचं.